गोळीची आठवण, जेवणाचा विसर

२०२३ सालची आषाढी एकादशी. दूरचित्रवाणीवर पंढरपूरच्या शासकीय महापूजेची दृश्ये दाखवत होते आणि आमच्या घरी आई आंघोळ उरकून देवघरासमोर बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, कळत्या वयापासून एकादशी चुकवलेली नाही. साडेदहाच्या सुमारास माझी पत्नी तिला फराळाला बोलवायला गेली, तो आई भिंतीला टेकून बसलेली. अंग घामाने ओले, डोळे अर्धवट मिटलेले आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर. "आई, बरं वाटत नाही का?" असे विचारले, तर म्हणाली, "गाडी आली का स्टेशनात?"

खरे सांगायचे तर आम्ही फारसे घाबरलो नाही. दोन वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे डिमेन्शियाचे निदान झाले होते. असंबद्ध बोलणे, मधेच गुंगणे ही रोजची गोष्ट झाली होती. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "वय झालं हो, आता उपास सोसत नाही." मीही मान डोलावली. पत्नीला मात्र तो घाम पाहून शंका आली. तिने कपाटातला ग्लुकोमीटर काढला आणि आईच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला ४६.

खरी अडचण पुढेच होती. पत्नीने पाण्यात चार चमचे साखर ढवळून पेला आईच्या ओठांशी नेला. आई शुद्धीवर होती, गिळू शकत होती. पण तिने तोंड घट्ट मिटून घेतले. "मला साखर चालत नाही," ती म्हणाली. बावीस वर्षे आम्ही सगळ्यांनी आणि सगळ्या डॉक्टरांनी तिला हेच तर शिकवले होते! नातवाचे नाव ती विसरली होती, राहते गाव विसरली होती. पण साखर आपल्याला वर्ज्य आहे, हे विसरली नव्हती. शेवटी पत्नीने देवघरातली पळी उचलली आणि म्हणाली, "आई, तीर्थ घ्या." आईचा उजवा हात आपोआप पुढे आला. पळीपळीने ते साखरेचे तीर्थ तिच्या पोटात गेले. पंधरा-वीस मिनिटांनी तिने आम्हाला ओळखले.

नंतर गोळ्यांची पट्टी मोजली, तेव्हा उलगडा झाला. सकाळी सातला आईने साखरेची गोळी घेतली होती. घेतल्याचे विसरून थोड्या वेळाने पुन्हा घेतली होती. आणि एकादशी म्हणून पोटात काहीच नव्हते. त्या दिवशी तिला रुग्णालयात ठेवावे लागले, कारण या जातीच्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि वर आलेली साखर पुन्हा उतरू शकते. दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

घरातली ही गोष्ट चारचौघांत सांगितली, तेव्हा जो तो आपल्या घरातली अशीच एखादी गोष्ट सांगू लागला. कुणाचे वडील इन्सुलिन टोचून घेत आणि जेवायचे विसरत. कुणाची सासू आठवडाभराच्या गोळ्या उशीखाली साठवून ठेवी. तेव्हा ध्यानात आले, की हे आपल्या घरापुरते नाही. मधुमेह आणि विस्मरण हे दोन आजार एकाच उंबऱ्याच्या आत येऊन बसले आहेत आणि त्यांना एकत्र कसे सांभाळायचे, हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही.

एका घरात दोन आजार

आकडे पाहिले तर याचे आश्चर्य वाटत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे शंभरात अकरांहून अधिक. त्याच वर्षी डिमेन्शियाविषयीच्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज पुढे आला. साठ वर्षांवरील शंभरांपैकी सात जणांहून अधिकांना हा विकार असून देशातली त्यांची संख्या ८८ लाखांच्या घरात आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. म्हणजे जिथे तज्ज्ञ डॉक्टर कमी, तिथे आजार अधिक.

हे दोन आजार योगायोगाने एकत्र येतात, असेही नाही. वर्षानुवर्षे वाढलेली साखर जशी डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते, तशीच मेंदूच्याही करते. लहान लहान झटके कळतही नाहीत, पण त्यांचे घाव मेंदूत साठत जातात. मधुमेह असलेल्यांना डिमेन्शिया होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत मधुमेहही आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट यात मिसळते. मधुमेहावर सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध चांगले आणि स्वस्त आहे. पण ते वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. शाकाहारी माणसात ते आधीच बेताचे असते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेवर अनेक वर्षे काम केले आहे. ब-१२ कमी झाले की विसराळूपणा वाढतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. घरातल्या मधुमेही वृद्धाची स्मृती हरवू लागली, तर 'वय झाले' म्हणून सोडून देण्याआधी ही एक साधी रक्ततपासणी जरूर करून घ्यावी. थायरॉइडचीही करावी. थोड्यांच्या बाबतीत का होईना, हरवलेले काही परत मिळते.

स्मृतीच्या पायावर उभा उपचार

मधुमेहाचा उपचार इतर अनेक आजारांपेक्षा वेगळा आहे. शस्त्रक्रिया सर्जन करतो, क्षयाची औषधे ठरावीक महिन्यांत संपतात. मधुमेहात मात्र डॉक्टर तीन महिन्यांतून दहा मिनिटे भेटतो. उरलेला सगळा काळ रोगी स्वतःच स्वतःचा डॉक्टर असतो. सकाळची गोळी जेवणाआधी, दुसरी जेवणानंतर. इन्सुलिन असेल तर किती युनिट, कुठल्या जागी टोचायचे, काल कुठे टोचले होते. जेवायला उशीर होणार असेल तर काय करायचे. हातपाय थरथरले तर काय तोंडात टाकायचे. पायाला जखम तर नाही ना, हे पाहायचे. या यादीतली एकही गोष्ट स्मृतीशिवाय आणि थोड्याफार हिशेबाशिवाय होत नाही. ज्या पायावर ही इमारत उभी, तो पायाच खचला तर वरचे मजले कसे टिकणार?

आणि हा पाया एकदम खचत नाही, हळूहळू खचतो. पहिली दोन-तीन वर्षे माणूस वरवर ठाकठीक दिसतो. गप्पा मारतो, जुन्या आठवणी सांगतो, पूजा करतो. जुन्या सवयी सर्वांत शेवटी जातात. सकाळची गोळी ही आईची बावीस वर्षांची सवय होती, ती टिकून होती. एकादशी ही तर साठ वर्षांची, तीही टिकून होती. नाहीशी झाली होती ती तासाभरापूर्वीची आठवण: आपण गोळी घेतली आहे की नाही, आणि खाल्ले आहे की नाही. गोळीची आठवण आणि जेवणाचा विसर, धोका नेमका इथे आहे. म्हणून 'आई, गोळी घेतलीस का?' हा प्रश्न फोनवरून विचारणाऱ्या मुलाला 'हो, घेतली' हे उत्तर मिळते आणि त्या उत्तराला काही अर्थ नसतो.

दुसरी गफलत याहून मोठी आहे. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडू लागते. माणूस गोंधळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो, पेंगतो, पडतो. ही सगळी लक्षणे डिमेन्शियाचीही आहेत. घरच्यांना वाटते, आजार वाढला. तरुण माणसाला अशा वेळी धडधड होते, घाम सुटतो, भूक लागते. वृद्धांना पुष्कळदा या सूचना मिळतच नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड जाणवत नाही. आणि जाणवली, तरी ती काय आहे हे ओळखून सांगणारी बुद्धी जाग्यावर नसते. आमच्या घरी त्या आधीच्या वर्षभरात आई तीनदा दुपारी अशीच 'गुंगली' होती. त्यातल्या किती वेळा साखर उतरली होती, हे आता कळायला मार्ग नाही. तेव्हा आम्ही बोटाला सुई टोचलीच नव्हती.

सहाचा हट्ट

मधुमेह्यांच्या घरात एक आकडा देवासारखा पुजला जातो. तो म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या 'एचबीएवनसी' या तपासणीचा. तो सात असला तर बरे, साडेसहा असला तर शाबासकी, सहा असला तर पेढेच वाटायचे. पण ते वाटता येत नाहीत, एवढेच! माझ्या आईचा आकडा त्या एकादशीच्या पंधरवडाभर आधी ६.२ होता आणि तो पाहून मी खूश झालो होतो. आज वाटते, तो आकडा धोक्याची घंटा होता.

हे माझे मत नव्हे. साखर जितकी खाली तितके चांगले, ही समजूत तपासण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात 'अ‍ॅकॉर्ड' नावाची मोठी चाचणी झाली. त्यात हृदयविकाराचा धोका असलेले दहा हजारांवर मधुमेही होते. त्यातल्या निम्म्यांची सरासरी सहाच्या खाली आणायचा कसून प्रयत्न झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण कसून उपचार केलेल्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी जास्त झाले. याच चाचणीतील सुमारे तीन हजार जणांच्या बुद्धीची तपासणी स्वतंत्रपणे झाली. साखर फार खाली ठेवल्याने स्मृती वाचते, असे तिथेही दिसले नाही. उलट २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील साडेसोळा हजारांहून अधिक मधुमेह्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर फार उतरल्यामुळे ज्यांना तीन वा अधिक वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. म्हणजे साखर उतरणे आणि स्मृती जाणे यांचे एक दुष्टचक्र दिसते. विसरल्यामुळे साखर उतरते, आणि वारंवार उतरलेल्या साखरेशी पुढच्या विस्मरणाचा संबंध दिसतो.

यातून वैद्यकशास्त्राने धडा घेतला. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना आता सांगतात, की धडधाकट वृद्धाने सात ते साडेसातच्या खाली राहावे. स्मृती सौम्य ते मध्यम प्रमाणात गेली असेल तर आठच्या खाली पुरे. आणि ती फारच गेली असेल तर या सरासरीच्या मागे लागूच नये. तिथे उद्दिष्ट दोनच. साखर उतरू द्यायची नाही, आणि तहान, वारंवार लघवी, ग्लानी अशी लक्षणे येण्याइतकी चढूही द्यायची नाही. त्याच सूचनांत पासष्टीनंतर मधुमेह्याची स्मृती दरवर्षी तपासावी, असेही म्हटले आहे. आपण डोळे तपासतो, मूत्रपिंड तपासतो. स्मृती किती जणांची तपासली जाते?

औषधांच्या बाबतीतही फरक पडला आहे. ग्लायबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या एका कुळातल्या गोळ्या. पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणे हे त्यांचे काम. त्या स्वस्त आहेत, गुणकारी आहेत, लाखो लोक त्या व्यवस्थित घेतात. पण जेवण चुकले की त्याच अंगावर येतात. अमेरिकेतल्या वृद्धारोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ च्या आपल्या यादीत, पासष्टीनंतर ही औषधे पहिल्या पसंतीची असू नयेत, असे म्हटले आहे. आपल्याकडे अडचण अशी, की त्या बहुधा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येतात आणि पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव असते. आत काय आहे, ते बारीक अक्षरात. भिंग लावून ते एकदा वाचावे. साखर सहसा उतरू न देणारी विल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिनसारखी औषधे पूर्वी महाग होती. पहिल्याचे पेटंट २०१९ च्या अखेरीस आणि दुसऱ्याचे २०२२ मध्ये संपल्यावर अनेक भारतीय कंपन्यांनी ती बाजारात आणली आणि भाव बरेच उतरले. तेव्हा परवडत नाही म्हणून जुनीच गोळी, हे कारण पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

अर्थात हे वाचून कुणी उद्यापासून आई-वडिलांची गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांकडे जावे आणि सरळ विचारावे: यांना विस्मरण आहे, या औषधाने साखर उतरू शकते का, दिवसातून एकदाच देता येईल असे काही आहे का, आणि यांच्यासाठी आकडा किती असावा? आम्ही हे विचारले, तेव्हा आईच्या गोळ्या पाचांवरून दोनांवर आल्या. नातेवाइकांपैकी एक-दोघांनी कुजबुज केली, 'आता उपचारच सोडले वाटतं.' या कुजबुजीचा धाक फार असतो. पण औषध कमी करणे म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. बदललेल्या माणसाप्रमाणे उपचार बदलणे आहे.

गोळी कुणाच्या हातात?

औषध सोपे झाले, तरी ते देणारा हात लागतोच. आमच्या घरात त्या एकादशीनंतर काही नियम झाले. गोळ्यांचा डबा आईच्या उशाशी नाही, कपाटात, किल्लीत. गोळी देणारी व्यक्ती एका वेळी एकच. ती बदलली तर वहीत लिहून बदलते. आधी ताट, चार घास पोटात गेल्यावर गोळी. 'घेतलीस का?' असे विचारायचे नाही, हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर थांबायचे. वागणे अचानक बदलले की आधी बोटाला सुई टोचायची, अर्थ नंतर लावायचा. साखर उतरली असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग काहीतरी खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे. रात्री पाय धुताना तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या, कारण दुखते हे तिला जाणवत नाही आणि जाणवले तरी सांगता येत नाही. उन्हाळ्यात दर दोन तासांनी पाणी, कारण तहानही विसरते.

जेवणाचे पथ्यही सैल केले. डिमेन्शियात वजन आपोआप घटत जाते. अशा माणसाला कारल्याच्या रसावर ठेवून आपण काय मिळवणार? तिने जेवावे, वेळेवर जेवावे, हे पहिले. अधूनमधून लाडू मागितला तर अर्धा द्यावा. लाडवावरून रोज होणारे भांडण तिला आणि आम्हाला साखरेपेक्षा जास्त त्रास देत होते.

एक प्रश्न मात्र मनाला टोचत राहिला. तीर्थ म्हणून साखरपाणी देणे ही आईची फसवणूक नव्हे का? डबा किल्लीत ठेवणे हा तिचा अपमान नव्हे का? आयुष्यभर घराच्या किल्ल्या जिच्या कमरेला होत्या, तिच्यापासून आम्ही एक डबा लपवतो आहोत. याचे गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच सांगतो, की जीव जात असताना तीर्थाची पळी योग्यच होती. पण रोजच्या रोज खोटे बोलायची गरज पडत नाही. तिच्यासमोर गोळी काढावी, 'आई, ही तुझी सकाळची गोळी' असे नाव घेऊन द्यावी, पाण्याचा पेला तिलाच धरू द्यावा. जे तिला अजून करता येते, ते तिच्याकडून काढून घेऊ नये. ती नको म्हणाली, तर झटापट न करता दहा मिनिटांनी पुन्हा जावे. पुष्कळदा दहा मिनिटांपूर्वीचा नकार ती विसरलेली असते. विस्मरणाचा हा एक लहानसा फायदाही आहे.

खाटेला पैसे, हाताला नाही

हे सगळे लिहिताना 'आम्ही, आम्ही' असे मी म्हणतो आहे. खरे सांगायचे तर यातले तीन चतुर्थांश काम माझी पत्नी करते. बहुतेक घरांत हे सुनेच्या, मुलीच्या किंवा स्वतः सत्तरी गाठलेल्या बायकोच्या वाट्याला येते. कुणी नोकरी सोडते, कुणी बढती नाकारते. मुले परदेशी असली तर व्हिडिओ कॉलवर आई दिसते, गोळी दिसत नाही. ज्यांना परवडते, ते ब्युरोतून मावशी आणतात. पण त्या मावशींना साखर उतरल्याची लक्षणे कुणी शिकवलेली असतात का? त्यांना पगार बाराही तासांचा मिळतो, शिक्षण एकाही तासाचे नसते.

सरकारने काही केलेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा रुग्णालयीन उपचार मोफत मिळण्याची सोय झाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण ही योजना रुग्णालयातल्या खाटेचे पैसे देते. साखर उतरून आई बेशुद्ध पडली, पडून खुबा मोडला, तर योजना धावून येईल. ती पडू नये म्हणून रोज सकाळी गोळी देणारा जो हात आहे, त्याच्यासाठी तिच्यात काही नाही. दुर्घटनेला पैसे आहेत, ती टाळण्याला नाहीत.

असांसर्गिक आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासायचा असतो. त्यासाठी आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न नेमका आहे. पण त्याच कागदावर एका ओळीत 'मधुमेह आहे' आणि दुसऱ्या ओळीत 'विसरतात' असे उत्तर आले, तर पुढे काय, हे ठरलेले हवे. या दोन ओळी एकत्र वाचल्या गेल्या, तर नवा पैसा न खर्चता कितीतरी घरांतली एकादशी सुखरूप पार पडेल.

माझ्या मागण्या फार नाहीत. मधुमेही वृद्धाच्या केसपेपरवर त्याच्या नावाखाली 'औषध कोण देते' असा एक रकाना असावा. तो रिकामा असेल, तर डॉक्टरांनी पाच गोळ्या लिहिण्याआधी थांबावे. दोन्ही उत्तरे 'हो' आली तर औषधांचा फेरविचार व्हावा आणि घरातल्या एका माणसाला तासभर शिकवावे: उतरलेली साखर कशी ओळखायची, काय द्यायचे, पाय कसे पाहायचे. ब्युरोच्या मावशींसाठी हेच शिक्षण सक्तीचे करावे. आणि दिवसातून चार तास अशा वृद्धांना सांभाळतील अशी केंद्रे वॉर्डावॉर्डांत निघावीत, म्हणजे सांभाळणारीला बँकेत जाता येईल, झोपता येईल. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून केरळात सुरू होऊन पुढे अनेक शहरांत पोहोचली आहे. अशा संस्थांनी वाट दाखवली आहे. पण वाट दाखवणे संस्थांचे काम, रस्ता बांधणे सरकारचे.

तोपर्यंत घरांनी आपापले पाहायचे आहे. त्यानंतरच्या आषाढीला, २०२४ साली, आईने सकाळी पुन्हा विचारले, "आज एकादशी ना?" पत्नी म्हणाली, "हो आई. पूजा झाली, आधी प्रसाद घ्या." वाटीत भगर, आमटी आणि अर्धा राजगिऱ्याचा लाडू होता. आईने लाडवाकडे पाहिले. "मला साखर चालत नाही," ती म्हणाली. "आज थोडी चालते, डॉक्टरांनी सांगितलंय," पत्नी म्हणाली, आणि ते खरेच होते. आईने सगळे सावकाश खाल्ले, मग हातावर ठेवलेली गोळी घेतली. दोन तासांनी बोट टोचले, आकडा आला १७६. पूर्वी हा आकडा पाहून मी वैतागलो असतो. त्या दिवशी वहीत लिहिला आणि वही मिटली.